पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या अटी बदलताना: सातारा-सांगलीसाठी दोन आराखड्यांचा तुलनात्मक आढावा

पुरातत्त्वशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फेररचना करायची म्हटली की अभ्यास मंडळापुढे बहुधा दोन प्रकारचे आराखडे येतात. पहिल्यात प्राचीन भारताचा इतिहास, कला, स्थापत्य, नाणी आणि अभिलेख हे विषय लेखी पेपरांच्या रूपाने मध्यभागी असतात आणि क्षेत्रकार्य म्हणजे त्यांना जोडलेले एक शिबिर असते. दुसऱ्यात सर्वेक्षण, उत्खनन, खापरांचे वर्गीकरण, नकाशे आणि अहवाललेखन यांना मुख्य स्थान मिळते आणि इतिहासाचे पेपर आधारापुरते उरतात. सोयीसाठी पहिल्याला पेपरकेंद्री आणि दुसऱ्याला क्षेत्रकेंद्री म्हणू. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील ज्या विभागाला या दोहोंतून निवड करायची आहे, तिथल्या शिक्षकांनी आणि अभ्यास मंडळाच्या सदस्यांनी मत देण्यापूर्वी काय तपासून पाहावे, यासाठी हा आढावा लिहिला आहे. माझा कल दुसऱ्या आराखड्याकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र तो जसाच्या तसा उचलला तर या भागात पहिल्या दोन-तीन तुकड्यांतच अडचणीत येईल असेही मला वाटते, आणि त्याची कारणे मुख्यतः इथली जमीन, इथले पीकपाणी आणि परवान्यांची पद्धत यांत आहेत.

हातात मोकळीक किती आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्याने २०२३ मध्ये जी चौकट घालून दिली, तिच्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी ८० ते ८८ श्रेयांक (क्रेडिट) धरलेले आहेत. ८८ श्रेयांकांची मांडणी घेतली तर संशोधन पद्धतीला ४, कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४ आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६, असे १८ श्रेयांक ठरलेलेच आहेत. उरलेल्या ७० पैकी ५४ अनिवार्य आणि १६ ऐच्छिक विषयांना जातात. म्हणजे दोन्ही आराखड्यांना १८ श्रेयांकांचा सांगाडा समान आहे. वाद आहे तो ५४ अनिवार्य श्रेयांकांत काय बसवायचे आणि त्या १८ श्रेयांकांचा उपयोग कसा करायचा, याचा.

इथे एक हिशेब प्रत्येक सदस्याने स्वतः करून पाहावा. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, तर प्रात्यक्षिकाचा किंवा क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. क्षेत्रप्रकल्पाचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तास होतात, आणि दिवसाचे आठ तास धरले तर ते पंधरा दिवसांत संपतात. पंधरा दिवसांत कोणीही पुरातत्त्वज्ञ होत नाही. त्यामुळे केवळ हे ४ श्रेयांक दाखवून ‘आमचा अभ्यासक्रम क्षेत्राधारित आहे’ असे म्हणणे योग्य ठरणार नाही. क्षेत्रकेंद्री आराखडा खरोखर तसा व्हायचा असेल, तर अनिवार्य श्रेयांकांतील काही वाटा आणि संशोधन प्रकल्पाचे दहाही श्रेयांक क्षेत्राशी बांधावे लागतील.

उत्खनन सक्तीचे करावे का

दोन्ही आराखड्यांत सर्वांत मोठा फरक इथे पडतो. पेपरकेंद्री आराखडा एखाद्या चालू उत्खननाला भेट आणि तिचा लेखी वृत्तान्त एवढ्यावर समाधान मानतो. क्षेत्रकेंद्री आराखडा एका उत्खननात प्रत्यक्ष सहभाग ही पदवीची अट करतो. दुसऱ्या अटीमागचा विचार मला पूर्णपणे मान्य आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात चालले आणि त्या चरांत काम करत डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तयार झाल्या. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा, खुरप्याने पृष्ठभाग सपाट करून पाहायचा आणि मगच पुढे जायचे, ही शिस्त पुस्तकातून येत नाही.

परंतु इनामगावामागे एक मोठी संशोधन संस्था उभी होती. तालुक्याच्या ठिकाणच्या विभागाची स्थिती वेगळी असते. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, तो ठरावीक स्थळासाठी व ठरावीक हंगामासाठीच मिळतो, आणि त्याच्यासोबत अहवाल देण्याची, सापडलेल्या वस्तू नीट ठेवण्याची आणि खोदलेल्या जागेची काळजी घेण्याची जबाबदारी येते. परवान्याला उशीर झाला, निधी आला नाही किंवा जमीनमालकाने ऐनवेळी नकार दिला, तर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची पदवीच अडून राहते. कृष्णाकाठी तर आणखी एक अडचण आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. जुन्या वस्तीच्या टेकाडाचा निम्मा भाग उसाखाली असेल, तर विद्यापीठाचे सत्र आणि शेतकऱ्याची तोड यांचा मेळ बसण्याची वाट पाहत राहावे लागते, आणि शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडायचे, दिवाळीनंतरची सत्रपरीक्षा सोडायची, उन्हाळी परीक्षाही सोडायची, म्हणजे जेमतेम जानेवारी-फेब्रुवारी उरतात, आणि नेमके तेव्हाच साखर कारखान्यांचे गाळप भरात असल्याने उसाच्या पट्ट्यात कामाला माणसे मिळणे कठीण होते.

दुसऱ्या बाजूला, याच दोन जिल्ह्यांत सर्वेक्षणाचे काम एवढे पडून आहे की विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ते पुरेल. दोन्हींचे मिळून २१ तालुके आहेत. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा आणि माणगंगा यांच्या काठच्या गावांतून जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचे टेकाड, दिसते, आणि तिची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची किंवा भिंती लिंपायला नेण्याची रीत पूर्वापार आहे. गाडीने माती जात होती तोवर पांढर हळूहळू झिजत होती. आता जेसीबीने एखाद्या आठवड्यात टेकाड सपाट होते. अशा वेळी एखाद्या ठिकाणी एक चर घेऊन तो पाच वर्षे खोदत राहण्यापेक्षा शिवारे पायी फिरून काय शिल्लक आहे याची नोंद आधी करणे अधिक निकडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वेक्षण म्हणजे सहल नव्हे, हे अभ्यासक्रमातच लिहून ठेवावे लागेल. माण-खटावच्या एखाद्या गावात मारुतीच्या देवळाशेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा असतो. बऱ्याचदा त्याच्यावर ऑइलपेंटचे थर असतात, पायाशी सिमेंट ओतलेले असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंचा कळप, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ही ओळख पुस्तकातूनही होते. विद्यार्थ्याकडून अपेक्षा त्यापुढची आहे: दगडाची उंची, रुंदी व जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कोणत्या दिशेला, जागा मूळची की हलवलेली, जीपीएसवरचे स्थान, प्रमाणपट्टी ठेवून चारही बाजूंची छायाचित्रे, आणि गावकरी त्याला कोणत्या नावाने पुजतात याची नोंद. रंग खरवडायचा नाही, कारण तो दगड गावाचा देव आहे. हे सगळे एका ठरावीक नमुन्यात भरलेले असेल तरच दहा वर्षांनी दुसरा कोणी त्या नोंदीचा उपयोग करू शकेल.

सर्वेक्षणाच्या बाजूने बोलताना त्याची उणीव लपवता येणार नाही. जमिनीवरची खापरे पाहून थरांचा क्रम कळत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणली जात. असे एखादे पेव जुन्या वस्तीच्या थरांतून खाली उतरले, तर कालपरवाच्या मडक्याचा तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराच्याही खाली सापडू शकतो. खोली आणि काळ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला पटते ते असा खड्डा छेदात, म्हणजे थर दाखवणाऱ्या मातीच्या उभ्या कापात, स्वतः ओळखल्यावरच. ज्याने उभा छेद कधी वाचला नाही त्याला पुरातत्त्वाची पदवी द्यावी का, हा क्षेत्रकेंद्री बाजूचा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय असा की आधीपासून उघडे पडलेले छेद अभ्यासाला घ्यावेत: पुराने कापलेली नदीकाठची दरड, रस्त्यासाठी तोडलेल्या टेकाडाची बाजू, नव्या विहिरीची कड. तिथे काहीही न खोदता थर मोजता येतात, मातीचा रंग व पोत लिहिता येतो आणि मापात छेदचित्र काढता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने अशी किमान काही छेदचित्रे शिक्षकांसमोर पूर्ण केली पाहिजेत, अशी अट घालावी.

म्हणून या मुद्द्यावर माझी शिफारस दोन्ही आराखड्यांपासून थोडी बाजूला जाते. सर्वेक्षण आणि छेदवाचन सर्वांना सक्तीचे करावे. स्वतःच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या परवानाधारक उत्खननात काम केले, तर ते सर्वेक्षणाच्या तासांऐवजी धरण्याची मुभा नियमात असावी. उत्खनन ही मात्र पदवीची अट करू नये.

खापरांचा वर्ग

दोन्ही आराखड्यांत हा भाग सर्वांत दुबळा असतो. पेपरकेंद्री आराखड्यात खापरे म्हणजे प्रश्नपत्रिकेतील टीप: ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीची लाल, काळ्या नक्षीची, खणखणीत आवाजाची भांडी, सातवाहन काळाची काळी-तांबडी भांडी. क्षेत्रकेंद्री आराखडा शेतातून खापरे गोळा करून आणतो आणि ती कपाटात पोत्यांमध्ये पडून राहतात. खरे काम त्या दोहोंच्या मध्ये आहे. खापर धुवायचे, सावलीत वाळवायचे, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत स्थळाचा संकेत व क्रमांक लिहायचा. मग काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर टेकवून, तो प्रकाशात हलवत, काठ आणि तक्ता यांच्यात फट उरणार नाही असा कोन शोधायचा, भांड्याच्या तोंडाची त्रिज्या वाचायची, आणि कागदावर एका बाजूला छेद व दुसऱ्या बाजूला बाह्यरूप काढायचे. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातून थाळीचा वाडगा होतो आणि वाडग्याची घागर. महिनाभराने तोच विद्यार्थी काठ पाहून भांडे सांगू लागतो.

याला उत्खनन लागत नाही, मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाणी, टेबल, तक्ते आणि वेळ लागतो. म्हणून अनिवार्य श्रेयांकांतील ८ श्रेयांक खापरे व इतर वस्तूंच्या हाताळणीला आणि रेखाटनाला द्यावेत, असे मी सुचवतो. तुलनेसाठी संग्रह जवळच आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले; त्या टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, आणि सातवाहन काळापासून बहामनी काळापर्यंतच्या वस्तीचा क्रम या भागातील विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे.

भाषा आणि लिपी

या मुद्द्यावर मात्र मी पेपरकेंद्री आराखड्याच्या बाजूने उभा राहीन, त्यातील निवड पुरेशी नसली तरी. क्षेत्रकेंद्री आराखड्यात भाषा वगळून तिची जागा संगणकीय नकाशांना देण्याकडे कल असतो. तो बदल या दोन जिल्ह्यांसाठी घातक ठरेल. राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याचा इ.स. ९३३ चा ताम्रपट सांगलीचा, तिसऱ्या कृष्णाचा इ.स. ९५९ चा ताम्रपट कऱ्हाडचा, चालुक्य राजा दुसरा जयसिंह याचा इ.स. १०२४ चा ताम्रपट मिरजेचा. मध्य प्रदेशातील भारहूत स्तूपाच्या प्राकृत दानलेखांत कऱ्हाडचे नाव ‘करहकट’ असे येते, आणि कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. मिरज आणि जत भागांत कन्नड शिलालेख आहेत, आदिलशाही काळातले फारसी लेख आहेत, आणि त्यानंतरची मोडी कागदपत्रे तर घरोघरच्या दप्तरांत आहेत. एका विद्यार्थ्याला हे सगळे येणे शक्य नाही; पण यांपैकी काहीच वाचता येत नसेल, तर तो आपल्याच जिल्ह्यात दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहील.

पेपरकेंद्री आराखडा सर्वांना ब्राह्मी आणि संस्कृत देऊन थांबतो. त्याऐवजी ८ श्रेयांकांचा एक अनिवार्य गट करून त्यात तीन वाटा ठेवाव्यात: ब्राह्मी-प्राकृत व संस्कृत अभिलेख, हळेकन्नड (जुनी कन्नड), आणि मोडीसह फारसीची प्राथमिक ओळख. विद्यार्थ्याने त्यांतील एक निवडावी. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथून आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलीला हळेकन्नड शिकायला मिळाले, तर मराठी आणि कन्नड या दोन्ही बाजूंचे साहित्य हाताळू शकणारी अभ्यासक आपल्याला मिळेल, आणि अशा माणसांची उणीव फार जुनी आहे. शिक्षक मिळणे कठीण आहे, हे खरे. पण धारवाड फार दूर नाही, आणि अतिथी व्याख्यात्यांच्या सलग आठवड्याच्या वर्गांची सोय नियमात करता येते.

वाचनाची परीक्षा छापील पुस्तकातील उताऱ्यावर घेऊ नये. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा, अक्षरांच्या खाचांत तो नीट उतरू द्यायचा, मग शाईची गादी हलक्या हाताने फिरवून ठसा घ्यायचा, आणि झिजलेल्या अक्षरांसह तोच ठसा वाचायचा, अशी परीक्षा असावी. लेख पुजेत असेल किंवा दगड ठिसूळ असेल तर ठसा न घेता तिरक्या प्रकाशातील छायाचित्रांवर काम करावे.

भाषेची अट लिहिताना ती किती संवेदनशील असते याचेही भान ठेवावे. ग्रेटर नोएडातील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेच्या पदव्युत्तर पदविकेच्या पात्रतेत २०२० मध्ये तमिळचे नाव नव्हते. त्यावर तीव्र आक्षेप आले आणि नंतर तमिळसह आणखी अभिजात भाषा त्यात घालण्यात आल्या. अटीच्या एका ओळीमुळे कोणाला दार उघडते आणि कोणाला बंद होते, हे त्या प्रसंगातून दिसले.

विज्ञानाचा वाटा

क्षेत्रकेंद्री आराखड्यात प्रयोगशाळांची मोठी यादी असते. ती पाहून सदस्यांनी घाबरू नये आणि भारावूनही जाऊ नये. कोळशासारख्या सेंद्रिय अवशेषांचे वय ठरवणारे कार्बन-१४ कालमापन लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत किंवा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात होते. ते आपल्या विभागात करण्याची गरज नाही. कोळशाचा नमुना कसा उचलायचा, त्याला हात का लावायचा नाही, तो कोणत्या थरातला आहे हे कसे सिद्ध करायचे, आणि आलेला आकडा दुरुस्त करून कसा वाचायचा, एवढे मात्र प्रत्येकाला आले पाहिजे.

भूशास्त्राला मी जास्त महत्त्व देईन. हा सगळा मुलूख बेसॉल्टचा आहे, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा आहे, आणि अश्मयुगाचा शोध नदीच्या जुन्या गाळातच घ्यावा लागतो. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. ती राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या, इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. असा वाद दोन्ही बाजूंनी वाचून समजण्याइतके भूशास्त्र अनिवार्य असावे. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते, त्यामुळे खर्चाचे कारण इथे टिकत नाही.

प्रबंधिका कशी असावी

संशोधन प्रकल्पाचे १० श्रेयांक दोन्ही आराखड्यांत आहेत, पण त्यांतून बाहेर येणारी वस्तू वेगळी आहे. पेपरकेंद्री पद्धतीत ‘सातवाहनकालीन व्यापार’ किंवा ‘यादवकालीन मंदिरस्थापत्य’ असा विस्तृत विषय घेतला जातो, ग्रंथालयातील पुस्तकांचा सारांश होतो आणि शंभर पाने भरतात. क्षेत्रकेंद्री पद्धतीत विद्यार्थी पाच-सहा गावांचे शिवार किंवा एका देवळाचा परिसर घेतो आणि त्याची पूर्ण सूची करतो. मला दुसरी पद्धत निःसंशय श्रेष्ठ वाटते. बारा मोटांची विहीर असलेल्या लिंबसारख्या एका गावातील सर्व बांधीव पाणवठ्यांची मोजमापांसह नोंद ही व्यापारावरच्या शंभर पानांपेक्षा ज्ञानात अधिक भर घालते. विश्लेषणाविना नुसती सूची झाली तर संशोधन कुठे राहिले, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी सूचीसोबत एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देणारे प्रकरण सक्तीचे करावे: वीरगळ जुन्या वाटांच्या कडेने आहेत की गावठाणात, पांढर नदीपासून किती अंतरावर आहे, असे पुराव्याने सुटणारे प्रश्न.

अहवाल लिहून पूर्ण करण्याची सवय याच टप्प्यावर लागते. इनामगावचे उत्खनन १९८३ मध्ये संपले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये आला; अहवाल न निघता नोंदवह्यांतच राहिलेल्या उत्खननांचे नुकसान कशानेही भरून निघत नाही, कारण खोदलेला थर पुन्हा मिळत नाही. म्हणून नोंदवह्या, रेखाटने आणि छायाचित्रे विभागाच्या संग्रहात जमा केल्याशिवाय तोंडी परीक्षा घेऊ नये. स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र छापील प्रतीत देऊ नयेत. गुप्तधनाच्या नादाने मूर्ती आणि वीरगळ उखडणारे लोक आहेत, आणि आपली सूची त्यांच्या हाती नकाशा म्हणून पडता कामा नये.

याच संदर्भात कायद्याचा विषय. दोन्ही आराखडे तो ऐच्छिकांत टाकतात आणि ते चूक आहे. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा, राज्याचा १९६० चा कायदा, पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा आणि १८७८ चा निखात निधी (पुरलेल्या धनाविषयीचा) कायदा एवढे प्रत्येकाला माहीत हवे. नांगराच्या फाळाला नाण्यांचे मडके लागले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे गावात समजावून सांगणारा पहिला माणूस आपला विद्यार्थीच असणार आहे.

पुढचे शिक्षण आणि नोकरी

इथे पेपरकेंद्री आराखडा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे आणि तिच्यासाठी अश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतचा सगळा पट, नाणी, लेख व स्थापत्य यांची तयारी लागते. क्षेत्रावर भर देताना हा पट तोडला, तर विद्यार्थी उत्तम सर्वेक्षक होईल पण प्राध्यापकपदाच्या पात्रतेत मागे पडेल. म्हणून ५४ अनिवार्य श्रेयांकांची माझी वाटणी अशी आहे: कालखंडांच्या पेपरांना २४, लिपी-भाषेला ८, खापरे व रेखाटनाला ८, भूशास्त्र व कालमापनाला ६, नकाशांना ४, आणि कायदा व संग्रहालयशास्त्राला ४. ऐच्छिक १६ श्रेयांकांत मराठा काळाचे पुरातत्त्व अवश्य असावे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे, आणि किल्ल्यांच्या नोंदणीचे व देखभालीचे काम जाणणाऱ्या माणसांची गरज वाढणार आहे.

प्रवेशाच्या अटीबाबत फार वाद नको. इतिहासाच्या पदवीधरांबरोबर भूगोल, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि संस्कृतच्या पदवीधरांनाही घ्यावे आणि पहिल्या सत्रात ज्याची जी बाजू कच्ची आहे ती भरून घ्यावी.

कोणाला परवडेल

क्षेत्रकेंद्री आराखड्याचा समर्थक म्हणून मला सर्वांत जास्त काळजी या प्रश्नाची वाटते. शिबिर जितके लांब, तितके काही विद्यार्थी आपोआप बाहेर पडतात: दुकानात नोकरी करून शिकणारा, घरी जनावरे असलेला, मुलगी गावाबाहेर मुक्कामाला राहणार म्हणून घरून परवानगी न मिळणारी, चालण्याची अडचण असलेला. त्यांना पदवीपासून दूर ठेवणारी अट अन्यायाची आहे. १२० तासांपैकी ८० तासांचे दहा दिवसांचे सलग शिबिर ठेवून उरलेले ४० तास शनिवार-रविवारी जवळच्या गावांत पूर्ण करता यावेत. मुलींसाठी स्वतंत्र व सुरक्षित मुक्काम, स्वच्छतागृह आणि सोबत शिक्षिका असल्याशिवाय शिबिराला मंजुरीच देऊ नये. जेवण व प्रवासाचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात दाखवावा, विद्यार्थ्यांकडून वेगळा घेऊ नये. ज्याला चढ-उतार शक्य नाही त्याला तेवढ्याच तासांचे खापरे-नोंदणीचे किंवा संग्रहालयातील काम द्यावे आणि गुणपत्रिकेत त्याचा कमीपणा दिसेल असा वेगळा शेरा मारू नये.

गावांचाही विचार यातच येतो. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीला पत्र, शेतमालकाची परवानगी आणि पोलीस पाटलांना कल्पना दिलेली असावी. काम संपल्यावर नोंदींची एक मराठी प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गावच्या शाळेत पोहोचवणे हा मूल्यमापनाचा भाग करावा आणि त्याला गुण ठेवावेत.

बदल कधीपासून

कोणताही आराखडा निवडला तरी तो जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या नव्या तुकडीपासूनच लागू करावा. दुसऱ्या वर्षाला असलेल्यांना मध्येच छेदवाचनाची किंवा लिपीची नवी अट लावू नये. जुन्या पेपरांत राहिलेल्यांसाठी कोणता जुना पेपर कोणत्या नव्या पेपराशी समकक्ष आहे याचा तक्ता विद्या परिषदेकडे आराखड्यासोबतच पाठवावा. तो नंतर करू म्हणून मागे ठेवला की परीक्षा विभाग आणि विद्यार्थी दोघांचे हाल होतात. ज्यांनी जुन्या पद्धतीचे शिबिर पूर्ण केले आहे त्यांचे तास नोंदवही तपासून नव्या क्षेत्रश्रेयांकांत धरावेत, आणि नोंदवही नसेल तर त्यांना एका शिवाराचे सर्वेक्षण करून ते तास भरून काढण्याची संधी द्यावी.